लगामवय नऊ

जळगावातले निम्मे म्हातारे जिने बनवलेल्या दातांनी भाकरी चावतात, त्या बाईला एका मंगळवारी सकाळी तिच्या फोनने विचारलं, "बाळा, आई-बाबा जवळ आहेत का?"

प्रणिता फिरके तेव्हा डेंटल लॅबमध्ये उभी होती. एका हातात कुण्या निवृत्त तलाठ्याची वरची कवळी, दुसऱ्या हातात फोन. कवळीची गुलाबी हिरडी ज्या द्रवात कालवतात त्याची बाटली संपत आली होती, म्हणून ती ऑर्डर द्यायला गेली, तर पडद्यावर टोपी घातलेलं अस्वल आलं. अस्वल हात हलवत होतं. खाली लिहिलं होतं: हा पदार्थ पेट घेतो. लहान मुलांनी मोठ्यांना सांगावं.

तिला वाटलं, चुकून राहीचं खातं उघडलं. राही तिची मुलगी, बारा वर्षांची. पण वर नाव तिचंच होतं, प्रणिता सुधाकर फिरके, आणि नावापुढे आकडा: लगामवय नऊ.

प्रणिता एकोणचाळीस वर्षांची होती. कानशिलापाशी केस पांढरे व्हायला लागले होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. जन्मापासून बहिरी, हातांनी बोलणारी. तिला 'मुकी' म्हणणाऱ्यांनी तिला भांडताना पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

लॅबचे मालक वारके धावतच आत आले. पंधरा वर्षांच्या सहवासात ते बऱ्याच खुणा शिकले होते, विशेषतः भांडणाच्या. पण आज हातांना शब्द सापडेनात, म्हणून त्यांनी आपला फोनच तिच्या नाकासमोर धरला. 'आपल्या आस्थापनेत बालकामगार आढळला आहे.'

"घरी जा बाई," त्यांनी खुणेने सांगितलं. "हे निस्तरेपर्यंत येऊ नका. मला आत टाकतील."

"मी बालकामगार?" तिने विचारलं. "तुमची स्वतःची कवळी कुणी केली?"

वारक्यांनी जिभेने आपले दात चाचपले आणि मान खाली घातली.

*

आता हे लगामवय काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

एकखातं आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बँक, दवाखाना, शाळा, नोकरी, घरभाडं, सगळं एका खात्यात. मग पोरांनी बापाच्या खात्यात शिरून काय काय बघितलं, काय काय मागवलं, आणि ओरड झाली. चेहरा पाहून वय ओळखणारी यंत्रं आणली, तर पोरांनी कॅमेऱ्यापुढे सुरकुत्यांचे खोटे चेहरे धरले. दाखले मागितले, तर खोटे दाखले मिनिटात बनू लागले. शेवटी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेने शोध लावला, आणि तो शोध खरोखर हुशारीचा होता, हे कबूल करायला पाहिजे.

त्यांनी सुरकुत्या पाहणं सोडलं आणि हालचाल पाहिली. लहान मुलाचा चेहरा आधी हलतो, विचार नंतर येतो. मोठ्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या कपाळामागे मेंदूचा जो भाग उशिरा पिकतो, तो चेहऱ्याला लगाम घालतो. राग येतो, पण भुवई उठायच्या आत कुणीतरी आतून ओढ घेतं. ती ओढ डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. वयाबरोबर लगाम घट्ट होत जातो. सुरकुती चिकटवता येते, लगाम चिकटवता येत नाही. म्हणून कायदा झाला की लगामवय हेच वय. जन्मदाखला त्याच्यापुढे रद्दी.

हे ठरवताना त्या हुशार माणसांनी किती चेहरे तपासले असतील? लाखो असतील. त्यांत हातांनी बोलणारा एकही नसावा. असता तर त्यांना कळलं असतं की खुणांची भाषा निम्मी हातात असते आणि निम्मी चेहऱ्यावर. भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो. गाल फुगले की वस्तू मोठी होते, ओठ आवळले की बारीक. चेहरा बंद करून खुणा करणं म्हणजे सगळे स्वर काढून मराठी बोलणं. करून पाहा.

आजवर प्रणिता खात्यात टाईप करायची, तेव्हा चेहरा गप्प असायचा आणि कुणाची तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात मोठा समारंभ करून 'खुणांनी बोला' ही सोय सुरू झाली. बहिऱ्यांसाठी दार उघडलं म्हणे. ती आनंदाने त्या दारातून आत गेली. महिनाभर कॅमेऱ्यासमोर भरभरून बोलली. यंत्राला तिचा शब्द न् शब्द कळला, आणि त्याने निकाल दिला की या चेहऱ्याला लगाम नाही, ही पोर आहे.

*

संध्याकाळी तिचा भाऊ हेमराज स्कूटर लावून हसत हसत जिना चढला. फुले मार्केटजवळ त्याचं कूलरचं दुकान. धाकट्या बहिणीसाठी जीव टाकणारा माणूस, असं सगळे म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. दर उन्हाळ्याआधी येऊन तिच्या कूलरची वाळ्याची ताटी तो स्वतः बदलायचा.

"राही, तुझ्या आईला सांग," तो म्हणाला, "आजपासून तिला चॉकलेट आणत जाईन."

राहीने सांगितलं. ती दोघांच्या मध्ये बसली होती, नेहमीसारखी. कान एकीकडे, हात दुसरीकडे.

"मला सकाळीच मेसेज आला," हेमराज म्हणाला. "'प्रणिता यांचे पालकत्व स्वीकारता का?' मी म्हटलं, बाप नाही, नवरा नाही, मी नाही तर कोण? दाबलं 'हो'. मिटलं काम."

राहीचे हात हवेतच थांबले. मग तिने तेही सांगितलं.

प्रणिता उठून उभी राहिली. "पूर्ण काय लिहिलं होतं? विचार त्याला."

हेमराजने फोन काढून दाखवला. बारीक अक्षरांत होतं: 'हो म्हटल्यास सदर व्यक्ती अज्ञान बालक असल्याला आपण दुजोरा देत आहात.' यंत्राला संशय होता, एका माणसाची साक्ष हवी होती, आणि साक्ष द्यायला सख्खा भाऊ धावत आला होता. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. बहिऱ्यांच्या शाळेत घालायचं का, हो. खुणा बंद करून तोंडाने बोलायला शिकवायचं का, हो. मुलगा पसंत का, हो. माहेरी प्रणिताला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या वतीने देऊन टाकायची पद्धतच होती, आणि आधी वडिलांनी, मग दादाने ती प्रेमाने पाळली होती.

"बरं, पुढचं ऐक," हेमराज राहीला म्हणाला. "आता दोन लहान मुलांना एकटं राहता येत नाही, असा नियम आहे. रविवारपर्यंत पालकाच्या घरी हलायचं. राही, तुझंही पालकत्व माझ्याकडे आलंय. मामीने वरची खोली झाडून ठेवली. आणि तुझी ती शाळा फार लांब पडेल, आपल्या कॉलनीतली बघू."

राही सांगत गेली. तिचे हात बिनचूक चालत होते, चेहरा मात्र पाटीसारखा कोरा.

प्रणिताने भावाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी, भुवयांनी, अख्ख्या अंगाने नाही म्हटलं. हे घर तिने आणि नवऱ्याने कवळ्या करून करून घेतलेलं होतं. इथे दार वाजलं की दिवा लागतो. इथे राही आणि ती जेवताना ताट बाजूला सारून गप्पा मारतात, कारण हात लागतात. दादाच्या घरी जेवताना हातवारे केले की वहिनी शेजारच्या खिडकीकडे बघते.

"चिडू नको, चिडू नको," हेमराज मोठमोठ्याने, तोंड वेडंवाकडं करत म्हणाला, जणू आवाज वाढवला की बहिऱ्याला ऐकू येतं. मग त्याने त्याला येणाऱ्या चार खुणा केल्या. शांत. जेव. झोप. दादा आहे.

*

एकखात्याचं दुरुस्ती केंद्र जिल्हा क्रीडा संकुलाच्या मागे होतं. दुसऱ्या दिवशी प्रणिता राहीला घेऊन पोहोचली तेव्हा खिडकीत बाविस्कर मॅडम होत्या, दुपारच्या डब्याच्या वासात बसलेल्या.

"चूक झाली आहे हे मला दिसतंय हो," बाविस्कर म्हणाल्या. "आंधळी नाही मी. पण माझ्या पडद्यावर 'चूक' असं बटणच नाही. फेरचाचणी घेता येते. आईला सांग, कॅमेऱ्यात बघायचं, विचारलेलं सांगायचं आणि चेहरा अजिबात हलवायचा नाही. बस, हातच हलव म्हणावं."

"मग ते बोलणं होत नाही," राही म्हणाली.

"चाचणी तर होते ना?"

प्रणिता खुर्चीत बसली. रात्रभर तिने आरशासमोर सराव केला होता. दातांचा साचा घेताना पेशंटला ती सांगायची, प्लास्टर घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. आता स्वतःचाच साचा समजून ती बसली. नाव सांगितलं. पत्ता सांगितला. जन्मगाव सांगितलं, भुसावळ. खुणा हातातून निघत होत्या आणि मेलेल्या माशांसारख्या पडत होत्या. गळ्यापर्यंत घाम आला. पण पडद्यावरचा आकडा चढत होता. एकोणीस. सव्वीस. एकतीस.

"आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीचे नाव सांगा," पडद्यावर आलं.

खुणांच्या भाषेत माणसाला नाव देतात ते त्याच्याकडे बघून. राही जन्मली तेव्हा गाल एवढे मोठे की डोळे दिसायचे नाहीत. म्हणून तिच्या बापाने तिचं नाव ठेवलं होतं: गाल फुगवायचा आणि त्यावर बोट टेकवायचं. तेच राही. गाल न फुगवता नुसतं बोट टेकवलं तर त्याचा अर्थ होतो दातदुखी.

प्रणिताचं बोट गालापर्यंत गेलं आणि थांबलं. कॅमेऱ्यामागे राही उभी होती. शेवटी प्रणिताने गाल फुगवला, चांगला टम्म फुगवला, आणि तिच्याही नकळत तिचे डोळे हसले.

आकडा घसरला. नऊ.

"अहो, शेवटचाच प्रश्न होता!" बाविस्कर वैतागल्या. "एक नाव नीट घेता येईना?"

"नीटच घेतलं," राही म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की बाविस्करांनी तिच्याकडे पुन्हा पाहिलं, आणि काहीतरी सुचल्यासारखं कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"तू बस बरं. यंत्र बिघडलंय का ते तरी कळेल."

राही बसली. पाच-सहा प्रश्न झाले. बाविस्करांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

लगामवय तेवीस.

"अरे वा, सज्ञान!" बाविस्कर एकदम मोकळ्या झाल्या. "मग सुटलंच की. मामाची जागा ही घेईल. मुलगी आईची पालक. कायद्याने हरकत नाही, लगामवय हेच वय. पालकाला पाल्याची भाषा आली पाहिजे, समोरासमोर, कुणाची मदत न घेता, एवढी एकच अट. ती तर हिला येतेच. घर राहील, शाळा राहील. उद्या येऊन सही करा."

राहीने हे सगळं आईला सांगितलं. शेवटी आपल्याकडून जोडलं, "मी करते सही."

प्रणिता त्या आकड्याकडे बघत राहिली. यंत्र तिच्या बाबतीत चुकलं होतं. राहीच्या बाबतीत ते चुकलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी सिव्हिल हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टरांनी मोठं माणूस शोधलं नाही, समोरच्या आठ वर्षांच्या पोरीला सांगितलं, तुझ्या आईला सांग, तुझे बाबा गेले. पोरीने सांगितलं. न रडता, खुणा न चुकवता, चेहरा घट्ट धरून. तो लगाम त्या दिवशी बसला होता. नंतर बँकेत, शाळेत, मामाच्या घरी प्रत्येक अपमानाचं भाषांतर करताना तो एकेक वेढा आवळत गेला.

*

घरी आल्यावर प्रणिताला बसवेना. तिने कूलर पुसला, डबे हलवले, खिडकी उघडली, लावली.

"बस ना," राही म्हणाली. "येरझाऱ्या नको घालू. उद्याचं मी बघते."

"माझ्याशी असं बोलू नकोस."

"मग कोण बघणार? मामा? तुला वरच्या खोलीत जायचंय?"

"तू माझी पालक झालीस तर मी कुणाची आई?"

"नुसतं कागदावर, आई."

"कॅमेऱ्यात होतं ते कागदावर होतं?" प्रणिताने तिचे दोन्ही खांदे धरले, सोडले. "तेवीस! तुला शेवटचं मोठ्याने रडताना कधी पाहिलं मी? मला आठवत नाही. मी दादावर चिडते. तो माझ्या वतीने हो म्हणतो म्हणून. आणि मी काय केलं? तुला माझं तोंड केलं, माझे कान केले. मला सोयीचं होतं."

राहीचे हात मांडीवर होते, शहाण्यासारखे. तेच बघवेना म्हणून प्रणिता पुन्हा उठली आणि उठता उठता थबकली.

"ती बाई काय म्हणाली? शेवटची अट. पुन्हा सांग."

"पालकाला पाल्याची भाषा आली पाहिजे. समोरासमोर, कुणाची मदत न घेता."

"दादाची ही चाचणी घेतली?"

राहीच्या भुवया हळूच वर गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी केंद्रात बोलावलं, तर हेमराज हसतच आला. "घ्या ना परीक्षा," तो बाविस्करांना म्हणाला. "माझी बहीण आहे. अंगाखांद्यावर खेळवलीय. मला नाही कळणार तिचं?"

त्याला वाटत होतं ही नुसती औपचारिकता. आणि तसं त्याला खरंच वाटत होतं, हीच तर वाईट गोष्ट.

समोरासमोर दोन खुर्च्या. मधल्या टेबलावर कॅमेरा, पडदा बाविस्करांच्या बाजूला. प्रणिता जे बोलेल ते यंत्र तिथे उमटवणार, हेमराजला काय कळलं ते त्याने तोंडाने सांगायचं. तीन वेळा संधी. राहीला भिंतीशी उभं केलं.

"हात मागे," प्रणिताने तिला बजावलं. "काही झालं तरी मध्ये पडायचं नाही. मी पडले, मामा पडला, छप्पर पडलं, तरी नाही."

राहीने हात पाठीमागे बांधले.

प्रणिता भावाकडे वळली. आज चेहरा आवरायचा नव्हता. ती एकच वाक्य बोलली, सावकाश, भुवया उंच करून: "दादा, तू आयुष्यभर माझ्या वतीने हो म्हणालास, एकदा तरी मला विचारशील का?"

हेमराज ओळखीचं काही सापडतं का बघत होता. 'दादा' ही खूण त्याला कळली. तो खुलला. "ती म्हणते, दादा आहे, मग मला कसली काळजी."

बाविस्करांनी पडदा पाहिला. "नाही."

प्रणिताने तेच वाक्य पुन्हा केलं. हात तेच, भुवया आणखी वर.

"तिला... तिला घरी जायचंय. भूक लागली असेल. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

"नाही, भाऊ."

भिंतीशी राहीचे खांदे हलत होते. बोटं एकमेकांत गुंतून पांढरी पडली होती. सवयीने हात पुढे यायला बघत होते आणि ती ते मागे ओढत होती. उत्तर तिला माहीत होतं. ती बारा वर्षांत पहिल्यांदा माहीत असून गप्प होती.

तिसऱ्यांदा. या वेळी प्रणिताने हात इतके जवळ नेले की बोटं हेमराजच्या शर्टाला लागली. तिचा चेहरा अख्खा प्रश्न झाला होता.

हेमराजचं हसू केव्हाच गेलं होतं. त्याने राहीकडे पाहिलं. "सांग ना गं." राही रडत होती, मोठ्याने, नाक वाहत, तोंड वाकडं करून, आणि हात मागेच होते.

"मला नाही कळत," तो शेवटी म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. मला नाही कळत ती काय म्हणते."

बाविस्करांनी काहीतरी दाबलं. "पालकत्व रद्द. दुजोरा बाद. आता साक्षच नाही म्हटल्यावर खातं माणसाच्या तपासणीत जाईल. निकाल लागेपर्यंत जन्मदाखला धरायचा, असं इथे लिहिलंय. तोवर या बाई सज्ञान." त्या जरा थांबल्या. "यंत्र अजून नऊच म्हणतंय. पुढचं त्यांचं त्यांनी भांडावं."

"भांडेन," प्रणिताने खुणेने सांगितलं. हे कुणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

बाहेर क्रीडा संकुलाच्या भिंतीला टेकून हेमराज उभा होता. ऊन डोक्यावर आलं होतं. त्याने रुमालाने मान पुसली. "राही, मला सांग. ती काय म्हणत होती?"

राहीने आईकडे पाहिलं. आईने हात घडी घालून बांधले होते.

"मामा, मी लहान आहे," राही म्हणाली. "तूच विचार तिला."

"कसं विचारू? मला येत नाही."

"आधी भुवया वर कर."

रस्त्याने माणसं जात होती. एक रिक्षावाला वळून वळून बघत होता. कूलरचा व्यापारी, पंचेचाळिशीचा, मिशा असलेला माणूस, भर रस्त्यात बहिणीसमोर उभा राहिला आणि त्याने भुवया वर केल्या. फार वर. एखाद्या पोरासारख्या.

प्रणिताने हात सोडले आणि वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.